वरदान तोलनारी तायडेताई

गेमच्या मोबाईलात मातेचा गड पडला, धाडकन पडला, आन् माह्या हातातली आरूची दुधाची बाटली सुटून टेबलाखाली गडगडत गेली. टेबलावर गजूभाऊचा फोन स्पीकरवर ठेवेल होता आन् त्यातून पुण्याचे साहेब इचारून राह्यले होते, की बाई, तुमच्या लोकायनं हे वरदान वीस डाव तपासलं, वीसच्या वीस डावात गड टिकला असं लिवून देलं, तुमच्या भरवशावर आमी त्या वरदानाची ताकद अर्धी केली, आन् आता इथी शाळेतले पोरं दोन मिनिटात गड पाडून राह्यले. हे कसं काय? अकरा नंबरचा तक्ता कोनाचा हाय?

अकरा नंबरचा तक्ता माहा होता.

मी बाटली उचलाले वाकली ते वाकूनच राह्यली. एका हातानं आरूले धरेल, दुसरा हात टेबलाखाली, वर पाहाची हिंमतच होये ना. तिथून मले तायडेताईचे पाय तेवढे दिसत होते. टाचेले भेगा, निळ्या पट्ट्याची चप्पल. ते पाय जराही हलले नाईत.

ह्या तायडेताईचंच मले सांगाचं हाय. दुसरं काई सांगता येत नाई मले, पन तिचं येते.

मोताळ्यात बी-बियानाच्या दुकानावर गजूभाऊची कॉम्प्युटर क्लासची खोली हाय. दुपारी क्लास रिकामा राहे, म्हनून त्यानं पुण्याच्या एका कंपनीचं काम घेतलं होतं. कंपनीनं मोबाईलचा गेम बनवला होता. एकीकडं देवायची फौज, एकीकडं दानवायची, गड बांधा, कोठार भरा, फौज वाढवा आन् समोरच्याचा गड पाडा. मधात तप कराचं, म्हंजे कोनावर हल्ला न करता गुमान बसाचं. तप पुरं झालं की वरदान भेटे. कोनतं वरदान मेलेले शिपाई उठवे, कोनतं समोरच्याले झोप आने. आमचं काम एवढंच, की नवं वरदान आलं का ते वीस डाव खेळून पाहाचं, ते कमी पडते का डोक्यावर बसते ते तक्त्यात लिवाचं. कंपनीले सराईत पोरं नोको होते. ज्यायनं कदी गेम खेळला नाई असे लोक पाह्यजे होते. म्हनून नववी नापास माहा बी नंबर लागला.

नंबर लागला खरा, पन आरू दहा महिन्याची. तिचे पप्पा सुरतेले, सासूबाई मोठ्या जावेकडं. मी त्याच्या आधी तीन ठिकानी कामाचं इचारून आली होती, तिन्ही ठिकानी एकच, लेकरू घरी ठेवून या. घरी कोनाजवळ ठेवू? भिंतीजवळ? गजूभाऊ बी तेच म्हनाले लागले. तवा कोपऱ्यात बसेल एक हाडकुळी बाई, चष्मा कपायावर चढवेल, मधातच बोलली.

"राहू द्या वो लेकरू. लोक काय देवघरात बसून गेम खेळतात का? लेकरू रडते, दूध उतू जाते, त्याच्यातच खेळतात. ते बी तपासलं गेलं पाह्यजे नं."

गजूभाऊ हसले आन् आरूले जागा भेटली. हे मी ध्यानात ठेवेल हाय. तिथी आरूले जागा भेटली म्हनून मी हाय.

तायडेताई धामणगाव बढेची. रोज बसनं ये, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूनं बांधे आन् टाइम पाहाले हात असा उलटा करे, जसं कोनाले काई मागून राह्यली. तीस वर्ष अंगनवाडीत होती. लेकरं तोलता तोलता म्हातारी झाली, असं स्वताच म्हने. आमच्या खोलीत सारे तक्ते तिच्या हाताखालून जात, तिची सही झाल्याबिगर पुण्याले एक कागद जाये ना.

पहिल्याच दिवशी मी वरदान घेतलं, फौज सोडली आन् डाव जिंकली. इतकी खूश झाली की आरूले उचलून नाचवलं. मी म्हटलं, ताई, लय भारी वरदान हाय. ताईनं चष्मा खाली घेतला.

"पूजे, लेकरू तोलाच्या आधी काय तोलतात?"

मले काय माईत.

"रिकामी झोळी," ताई म्हने. "झोळीचंच वजन धरलं त मरतुकडं लेकरू बी गुबगुबीत दिसते."

मंग कळलं. आधी वरदानाबिगर डाव खेळाचे, मंगच वरदान घेऊन. त्या दिवशी मी वरदानाबिगर खेळली त तशीच जिंकली. समोरचा गडच कच्चा होता, वरदानानं काईच केलं नव्हतं. ताई मले हसली नाई. फक्त म्हने, आता लिव.

तिची लिवाची पन रीत होती. हारलेला डाव मोठ्या अक्षरात, जिंकलेला बारीक. इचारलं त म्हने, जिंकल्याचं आपल्याले तसंही याद राह्यते. आन् फोनले हात लावाच्या आधी ती फरशीवर खडूनं चौकटी आखे, तुरीचे दाने म्हंजे शिपाई, गिट्टीचे खडे म्हंजे गड, आन् सारं वरदान आधी त्याच्यावर खेळून पाहे. फोन चमकते, ती म्हने, चमकलं की मानूस इचार करत नाई. आरू ते दाने तोंडात घाले, मंग ताई तिच्या गालात बोट घालून शिपाई काढे आन् म्हने, हा मेला, ह्याले धरू नोका.

एकडाव पुण्याचे ते साहेबच आले होते. साहेब म्हंजे पोरगाच, माह्याएवढा असन. त्यानं नवं वरदान आनलं होतं, अमृताचा थेंब. लढाईत मेलेली सारी फौज एका थेंबात उठून उभी राहे. म्हने, ह्याले तोड नाई, हे पहिल्या नंबरचं वरदान. ताईनं त्याले फरशीवर बसवलं, तुरीचे दाने त्याच्यापुढं टाकले. त्याची भारी प्यांट, पन बसला बिचारा. ताईनं सारी फौज पाठवलीच नाई. एक दाना पाठवला, त्यानं पोराचा एक मारला. आनखी एक पाठवला, त्याचा आनखी एक मेला. पोराले राह्यवलं नाई, दोन शिपायासाठी त्यानं थेंब वापरून टाकला. मंग ताईनं पुरी मूठ सोडली.

ताई म्हने, "ज्याले तोड नाई ते वरदान नोहे, ते गुंडगिरी होय. सारी गंमत तोडीत हाय. याच्यात तोड हाय, चांगलं हाय, राहू द्या."

त्यानं इचारलं, मॅडम, तुमी पोथ्या-पुरानं लय वाचले असन. ताई हसली. म्हने, मी बुद्धविहारात जानारी बाई, मी कायचे पुरानं वाचतो. पन लहानपनी गावात कथा चाले तवा आमी बाहीर, भिंतीच्या मांगं बसून ऐको. बाहीर बसून ऐकनाऱ्याले गोष्टीतलं भगदाड लवकर दिसते. गजूभाऊ म्हने, ताई देवाले बी सोडत नाई. त ताई म्हने, देवाले कुठी, मी देवाच्या कंपनीले सोडत नाई.

पन आमी बाकीच्या तशा नव्हतो. दसऱ्याले खोलीतल्या दोघींनी सारे फोन मांडून हळदकुंकू लावलं, फोनात देव हाय म्हनून. मंग फोन बोटच ओळखे ना. ताईनं पदर ओला केला आन् सहाही फोन पुसले. हे सांगतो कारन पुढचं त्याच्यातूनच झालं. फोनातला देव आमाले देवच वाटे.

एक गोष्ट ताईनं फक्त मले सांगतली. आरू झोपली होती आन् आमी दोघी डबा खात होतो. ती नवी नवी नोकरीले लागली तवाची गोष्ट. एक लेकरू तोललं, वजन कमी भरलं. त्याची माय रडाले लागली, की ताई, कमी लिवलं त सासू मले बोलते, तू लेकराले उपाशी मारतं म्हनते. ताईले दया आली. अर्धा किलो वाढवून लिवला. त्या अर्ध्या किलोनं लेकरू जास्तीच्या आहाराच्या यादीतून निंघालं. ताई इथपर्यंत बोलली आन् पोळीचा तुकडा तसाच हातात. मी इचारलं, मंग? ती म्हने, मंग काय, गेलं. त्या लेकराचं नाव तिनं सांगतलं नाई. डबा झाकला आन् म्हने, तवापासून जे झालं तेच लिवतो, जे व्हावं वाटते ते नाई.

हे सारं मले माईत होतं. ते माईत असून मी ते केलं.

मातेचा पदर नावाचं वरदान आलं होतं. देवीच्या गडावर पदर पडे आन् तेवढा येळ गडाले मार कमी लागे. ताईनं मले हल्ला कराची बाजू देली. पदर पडला की लगेच आग्याबान सोडाचे, भिंतीले शिड्या लावाच्या, गड किती येळ टिकते ते लिवाचं. वीस डाव.

त्याच रात्री आरूले ताप आला आन् सकाळी अंगभर पुरळ. शेजारीन दारातूनच म्हने, माता निघाली बाई, आता घरात तळू नोको, कोनाले मारतो-तोडतो म्हनू नोको, माता कोपते. मी कडुलिंबाचा पाला आनून उशाले ठेवला आन् बसली रडत. कामावर गेली नाई. दुपारी तायडेताई घरी आली. पाला पाह्यला, तो काढला नाई. म्हने पाला राहू दे, पन दवाखान्यात चाल. मी म्हटलं, मातेले सुई टोचत नाई ताई. ताईनं आरूले उचललं, आपल्या पदरात गुंडाळलं आन् पायऱ्या उतराले लागली. मले काय, मांगं धावनं आलं. तीन दिवस ती माह्यासंगं दवाखान्याच्या रांगेत उभी राह्यली. आन् माहे दिवस बुडू नये म्हनून गेमचा फोन पिशवीत घालून मले देऊन गेली, घरी बसून डाव खेळ म्हने.

आता सांगा, आरू तापानं फनफनून राह्यली, अंगावर माता, उशाले पाला, आन् मी हातात फोन घेऊन मातेच्या गडाले आग लावू?

मी फौज गडाच्या दरवाज्यापर्यंत नेली. पदर पडला. मी मनातल्या मनात हात जोडले आन् बसून राह्यली. फोनातलं घड्याळ सरलं. लिवलं, गड टिकला. दुसरा डाव, तसाच. वीसही डाव मी नुसती बसून राह्यली आन् वीस येळा लिवलं, गड टिकला. खोटं लिवतो असं मले वाटलंच नाई, गड टिकलाच होता नं. आरूचा ताप उतरला तवा त मले वाटलं मातेनं पाह्यलं.

ताई दर तक्त्यातले पाच डाव स्वता खेळून पाहे, मंगच सही करे. पन त्या हप्त्यात तिचा सारा येळ माह्यासंगं रांगेत गेला होता. तिनं न खेळता सही केली.

आन् आता पुण्याचे साहेब इचारून राह्यले होते, तक्ता कोनाचा.

ताईनं फाईल मागतली. मी टेबलाखालून वर आली, बाटली हातात, झाकन कुठी गेलं त कळे ना. ताईनं चष्मा नाकावर घेतला आन् बोट येळेच्या रकान्यावरून खाली नेलं. वीसही डावात पुरा येळ. एक सेकंद कमी नाई. जो गड कोनी मारतच नाई तोच असा टिकते, तिले कळाले काय येळ लागते. बोट खाली जाऊन थांबलं. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग आरूकडं. आरूच्या गालावर अजून खपल्या होत्या.

"साहेब, सही माही हाय," ताई म्हने.

साहेब म्हनले, सही ठीक हाय मॅडम, पन खेळलं कोन?

"सही माही हाय. ज्याची सही त्याचा तक्ता."

साहेब म्हनले, मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आमाले आता सहीले दुसरं मानूस पाहावं लागन. खेळनाराचं नाव बी मले पाह्यजे. नवा तक्ता नावासगट पाठवा. गजूभाऊनं फोन ठेवला आन् ताईकडं असं पाह्यलं जसं तिनंच काईतरी चोरलं. ताई उठली, पानी पेली, बाकीच्या दोघी जेवाले गेल्या तशी फरशीवर येऊन बसली. म्हने, पूजे, फोन घेऊन इकडं ये.

मी सांगाले लागली, ताई, माता निघाली होती वो, मले वाटलं...

"माईत हाय मले. मार आता."

मी फोन धरला. पदर पडला. मी आग्याबान सोडला. भिंत पेटली, आन् मी एका हातानं आरूचं तोंड झाकलं, तिले दिसू नये म्हनून. चार मोजेस्तोवर गड पडला. ताईनं माहा हात आरूच्या तोंडावरून काढला. आरू तिची आपली ताईच्या पिशवीचा बंद चावून राह्यली होती.

"काय झालं हिले? पाह्य नीट. काई नाई झालं. आता दुसरा डाव लाव."

संध्याकाळपर्यंत आमी वीस डाव पुरे केले. आधी पदराबिगर, मंग पदर घेऊन. ताई सांगे, मी लिवो. मी मधातच रडली, म्हटलं ताई, तुमी मले वाचवलं. त ती पहिल्यांदा माह्यावर चिडली. म्हने, तुले कोनी वाचवलं नाई. मी न तपासता सही केली, ते माहं, ते मी सांगतलं. तुहं तुह्यापाशी हाय.

नव्या तक्त्याखाली दोन जागा होत्या. एक सहीची, तिथी तिनं सही केली, तिची शेवटची. दुसरी खेळनाराच्या नावाची. तिनं पेन माह्यापुढं ठेवला आन् बसची येळ झाली म्हनून हात उलटा करून घड्याळ पाह्यलं. मी म्हटलं, ताई, तुमी सांगा, लिवू का नोको? नाव लिवलं त पुण्यावाल्यायले कळन, मंग मले काढतीन, मंग आरूले घेऊन मी कुठी जाऊ?

"ते मी कशाले सांगू," ताई म्हने, आन् पायऱ्या उतरून गेली. आवाजात राग नव्हता. राग असता त मले सोपं गेलं असतं.

गजूभाऊ कुलूप घेऊन उभे. म्हने, आटप पूजा, फोटो काढून पाठवाचा हाय. मी ती जागा कोरी ठेवली. फोटो गेला. पुण्याहून पुन्हा कोनी नाव इचारलं नाई. त्यायनं पदराची ताकद ठीक केली, गेम चालू झाला, लोक खेळतात. आता तक्त्यावर सही मी करतो. आरू तिथीच फरशीवर चालाले शिकली.

तायडेताई पुन्हा खोलीवर आली नाई. एकडावच दिसली, बाजाराच्या दिवशी, मोताळ्याच्या स्टँडवर. धामणगावची गाडी लागेल होती, ती खिडकीजवळ बसेल, मांडीवर मेथीची जुडी. मी आरूले कडेवर घेऊन गर्दीतून धावत गेली, चप्पल एका पायातली निघाली तरी धावली. खिडकीखाली उभी राह्यली. ताईनं मले पाह्यलं आन् खिडकीच्या दांडीवर हनुवटी टेकवली. वाट पाह्यत होती. कंडक्टर अजून खालीच होता, कोनाशी तरी बोलत, मले लय येळ होता, सारं सांगून झालं असतं एवढा येळ होता. माह्या तोंडातून निघालं ते हे, की ताई, जेवल्या का?

"हाव, जेवली," ताई म्हने.

घंटी झाली. गाडी वळली तरी तिनं हनुवटी उचलली नव्हती, माह्याकडंच पाह्यत होती.

मी अजूनही तक्ता भरतो तवा नावाच्या जागेपाशी पेन थांबते. तुमी शिकलेले लोक असान, तुमाले कोनतं बी दार उघडं असन. पन माह्या जागी बसून पाहा. मांडीवर खपल्या वाळेल लेकरू, दाराशी कुलूप घेऊन उभा मानूस, हातात पेन, आन् सांगनारी बाई पायऱ्या उतरून गेलेली. तुमी लिवलं असतं का तुमचं नाव?